ग्लेनकोलमकिल : एका आयरिश पॅरिशचा नकाशा आणि तिचे भूविभाग

संत पॅट्रिक, संत ब्रिजिद आणि संत कोलंबा हे आयर्लंडचे तीन आश्रयदाते संत होत. यांपैकी संत कोलंबा यांना आयरिश भाषेत 'कोलमकिल', म्हणजे 'ख्रिस्तमंदिराचे पारवा-कबूतर' असे म्हटले जाते. त्यांचा जन्म इ. स. ५२१ च्या सुमारास डोनेगल परगण्यातील गार्टन येथे झाला. ५६३ साली ते समुद्रापलीकडे स्कॉटलंडच्या आयोना बेटावर गेले आणि ५९७ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी 'ग्लेनकोलमकिल', म्हणजे 'कोलमकिलची दरी', डोनेगलच्या नैर्ऋत्य टोकाला अटलांटिक महासागराच्या काठी आहे. ही दरी आणि तिच्या आसपासचा डोंगराळ मुलूख मिळून त्याच नावाची 'नागरी पॅरिश' बनते. सदर लेखात या पॅरिशची, आणि विशेषतः तिच्या पोटात असलेल्या 'टाऊनलँड' नावाच्या प्राचीन भूविभागांची ओळख करून द्यायची आहे.

हा विषय प्रथमदर्शनी कोरडा वाटेल. जमिनीचे विभाग, सीमा आणि नावे यांत भाविकाला रस तो काय असावा? परंतु आयर्लंडमध्ये जमिनीचा नकाशा आणि ख्रिस्तसभेचा इतिहास एकमेकांत असे गुंतलेले आहेत की एक सोडून दुसरा समजत नाही.

नागरी पॅरिश म्हणजे काय?

'पॅरिश' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धर्मग्राम येतो : एक ख्रिस्तमंदिर, एक प्रमुख धर्मगुरू, मिस्साबलिदानाच्या वेळा, बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदवह्या. आयर्लंडमधील नागरी पॅरिश तशी नाही. तिला धर्मगुरू नाही, मंदिर नाही, आणि आज तिला कोणता कारभारही नाही. ती केवळ नकाशावर आणि दप्तरात उरली आहे. मात्र एके काळी ती खराखुरा धर्मग्राम होती.

बाराव्या शतकात आयर्लंडमधील ख्रिस्तसभेची नव्याने घडी बसविण्यात आली. त्यापूर्वी तेथील धार्मिक जीवन प्रामुख्याने मठांभोवती फिरत असे. ११११ साली राथ ब्रेसल येथे आणि ११५२ साली केल्स येथे भरलेल्या धर्मसभांनी धर्मप्रांतांच्या सीमा ठरविल्या आणि त्यानंतरच्या काळात धर्मप्रांतांच्या आत धर्मग्राम आकाराला आले. ग्लेनकोलमकिल हा राफो धर्मप्रांतातील त्यांपैकीच एक.

सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजसत्तेने रोमशी संबंध तोडला आणि आयर्लंडमध्ये 'चर्च ऑफ आयर्लंड' ही अँग्लिकन पंथाची ख्रिस्तसभा राजमान्य झाली. जुनी मंदिरे, त्यांची उत्पन्ने आणि धर्मग्रामांच्या सीमा हे सारे तिच्याकडे गेले. बहुसंख्य प्रजा मात्र कॅथोलिकच राहिली. परिणामी एकाच भूमीवर दोन नकाशे तयार झाले. मध्ययुगीन धर्मग्रामांचा नकाशा अँग्लिकन पंथीयांनी आणि शासनाने जपला. तीच पुढे 'नागरी पॅरिश' झाली. कॅथोलिक समाजाला दंडक कायद्यांच्या काळात, धर्मगुरू मिळेल तेथे आणि आडोसा मिळेल तेथे, आपले धर्मग्राम पुन्हा उभे करावे लागले. त्यामुळे आयर्लंडमध्ये अनेक ठिकाणी एका कॅथोलिक धर्मग्रामात दोन-तीन नागरी पॅरिश सामावतात, तर कोठे एकाच नागरी पॅरिशचे तुकडे वेगवेगळ्या धर्मग्रामांत जातात. नावेही जुळतीलच असे नाही. पूर्वजांचा शोध घेणारे अनेकजण नेमके येथेच वाट चुकतात.

शासनाला या सीमांची गरज होती ती मुख्यतः दशमांशासाठी. आपल्या पिकाचा दशमांश कॅथोलिक शेतकऱ्यालाही अँग्लिकन पाळकाच्या निर्वाहासाठी द्यावा लागे. तो कोणाकडून किती घ्यावयाचा, याची यादी पॅरिशवार केली जाई. १८२३ ते १८३८ या काळातील दशमांश आकारणीची पुस्तके हा या अन्यायाचा लेखी पुरावा होय. १८३० च्या दशकात याविरुद्ध देशभर असंतोष पेटला, काही ठिकाणी रक्तही सांडले. अखेर १८३८ च्या कायद्याने दशमांशाचे रूपांतर जमीनधारकांवरील आकारात करण्यात आले. चर्च ऑफ आयर्लंडचा राजमान्य दर्जा १८६९ च्या कायद्याने काढून घेण्यात आला व त्याचा अंमल १ जानेवारी १८७१ पासून सुरू झाला. त्यानंतर नागरी पॅरिशचे व्यवहारातील महत्त्व ओसरत गेले. पण गंमत अशी, की ज्या पुस्तकांत कॅथोलिक कुळांची नावे त्यांच्याकडून पैसा वसूल करण्यासाठी लिहिली गेली, त्याच पुस्तकांतून आज त्यांचे वंशज आपल्या पणजोबांचा माग काढतात.

टाऊनलँड : सर्वांत लहान, सर्वांत जुना

आयर्लंडच्या भूविभागणीची उतरंड अशी : प्रांत, परगणा, बॅरनी, नागरी पॅरिश आणि शेवटी टाऊनलँड. ग्लेनकोलमकिलच्या बाबतीत अल्स्टर प्रांत, डोनेगल परगणा, बॅनाह बॅरनी, ग्लेनकोलमकिल पॅरिश, आणि मग एकेक टाऊनलँड.

'टाऊन' या शब्दाने फसू नये. टाऊनलँडमध्ये शहर नसते. पुष्कळदा गावही नसते. तो जमिनीचा एक नाव असलेला तुकडा आहे, ज्यात दहा-वीस घरे असतील, दोनच असतील, किंवा एकही नसेल. आपल्याकडील महसुली गाव आणि शिवारातील एखादे नाव असलेले रान, या दोहोंच्या मधे कोठेतरी त्याला बसवावे लागेल. संपूर्ण बेटावर ६० हजारांहून अधिक टाऊनलँड्स आहेत. त्यांचे सरासरी क्षेत्र सव्वातीनशे एकरांच्या आसपास भरते, पण सरासरीला येथे फारसा अर्थ नाही. मेयो परगण्यातील शेस्किन हे टाऊनलँड ७,००० एकरांहून मोठे आहे, तर टायरोन परगण्यातील एका जुन्या दफनभूमीचे टाऊनलँड एक एकरसुद्धा भरत नाही.

हा फरक का? कारण या सीमा मोजणीदाराच्या साखळीने पडलेल्या नाहीत. इंग्रज येण्यापूर्वीच्या गेलिक समाजात जमीन तिच्या पोसण्याच्या शक्तीवरून मोजली जाई : किती गाई चरतील, किती कुटुंबांचे पोट भरेल. अल्स्टरमधील एका जुन्या मापाचे नावच 'बॅलिबो', म्हणजे गाईची जमीन, असे होते. सुपीक खोऱ्यातील लहान तुकडा आणि नापीक डोंगरावरील विस्तीर्ण तुकडा त्या हिशेबात सारखेच ठरत. सीमा ओढ्यावरून, कड्यावरून, दलदलीच्या काठावरून जात. त्यांपैकी बऱ्याच सीमा आजही तेथेच आहेत.

आता ग्लेनकोलमकिलची काही टाऊनलँड्स पाहू. समुद्राकडे मालिनमोर आणि मालिनबेग अशी जोडी आहे. आयरिश भाषेत 'मोर' म्हणजे मोठे आणि 'बेग' म्हणजे लहान. मराठी वाचकाने सरळ मालिन बुद्रुक आणि मालिन खुर्द असे म्हणावे. दरीतील 'कॅशेल' या नावाचा अर्थ दगडी तटबंदीचा जुना कोट. 'डूई' म्हणजे वाळूचे ढिगारे. 'पोर्ट' म्हणजे होड्या लावण्याची जागा. त्या टाऊनलँडमध्ये आज वस्ती नाही, समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या पडक्या घरांच्या भिंती तेवढ्या आहेत. आत डोंगराकडे 'मीन' या शब्दाने सुरू होणारी नावे भेटतात. 'मीन' म्हणजे डोंगरातील गवताळ सपाटी. 'मीनानेरी' म्हणजे मेंढपाळाची सपाटी. ही नावे डोनेगलभर विखुरलेली आहेत आणि लोकसंख्या वाढत गेली तसतशी वस्ती कशी वरवर चढत गेली याची ती खूण आहेत.

'फॅरनमॅकब्राइड' हे नाव विशेष लक्षात घेण्यासारखे. 'फॅरन' म्हणजे जमीन, आणि 'मॅकब्राइड' या आडनावाचे मूळ रूप 'संत ब्रिजिदच्या सेवकाचा पुत्र' असे आहे. अर्थात, संताचे नाव धारण करणाऱ्या कुळाची ही जमीन. गेलिक आयर्लंडमध्ये ख्रिस्तसभेच्या जमिनी 'एरेनाख' नावाचे वंशपरंपरागत कारभारी सांभाळत असत. त्या जमिनीचे उत्पन्न मंदिराची डागडुजी, पाहुण्यांचे आतिथ्य आणि बिशपांचा हक्क यांसाठी खर्ची पडे. अशा जमिनीला 'टर्मन' म्हणत. हा शब्द लॅटिन 'टर्मिनस', म्हणजे सीमा, यावरून आला. टर्मनच्या आत शिरलेल्याला आश्रय मिळे. १६०९ साली इंग्रज सरकारने डोनेगलमधील अशा जमिनींची चौकशी लिफर्ड येथे केली आणि अल्स्टरच्या वसाहतीकरणात त्या प्रॉटेस्टंट बिशपांच्या हाती गेल्या. मालक गेला, कारभारी गेला, नाव मात्र जमिनीला चिकटून राहिले.

आणखी एक नाव पाहा : 'बीफन आणि गारव्हरॉस यांचा डोंगर'. बीफन आणि गारव्हरॉस ही शेजारची दोन टाऊनलँड्स, आणि त्यांच्या माथ्यावरचा डोंगर हे त्या दोघांच्या नावाने नोंदलेले तिसरे. सामाईक चराईचा हक्क असा सरकारी नकाशात नाव होऊन बसला आहे.

ही सारी नावे इंग्रजी वळणाने लिहिली गेली ती १८२४ ते १८४६ या काळातील सर्वेक्षणात. लष्करी मोजणी अधिकाऱ्यांनी अख्खे बेट प्रति मैल सहा इंच या प्रमाणात उतरवले. नावांची शहानिशा करण्यासाठी जॉन ओ'डोनोव्हन या विद्वानाची नेमणूक झाली होती. १८३५ साली त्यांनी डोनेगल पालथे घातले, म्हाताऱ्या माणसांकडून उच्चार ऐकले, जुन्या हस्तलिखितांशी ताडून पाहिले आणि पत्रे लिहून ठेवली. त्यांच्या कष्टांमुळे मूळ रूपे कळू शकतात. परंतु नकाशावर छापले गेले ते इंग्रजी कानाला सोयीचे रूप. या व्यवहारावर ब्रायन फ्रील यांनी १९८० साली 'ट्रान्सलेशन्स' हे नाटक लिहिले, तेही डोनेगलच्याच पार्श्वभूमीवर.

पंधरा स्थानकांची यात्रा

दरवर्षी ९ जून या संत कोलंबा यांच्या सणादिवशी या दरीत 'तुरस' होते. तुरस म्हणजे यात्रा. संत स्वतः येथे येऊन राहिल्याचा त्यांच्या काळातील लेखी पुरावा नाही, परंतु त्यांच्या नावाची परंपरा फार जुनी आहे. १५३२ साली मानुस ओ'डोनेल या सरदाराने लिहविलेल्या संतचरित्रात ती कथारूपाने येते. संत पॅट्रिकने क्रो पॅट्रिक डोंगरावरून हाकललेली भुते या दरीत धुके पसरवून दडून बसली होती. कोलमकिलने आपल्या घंटेच्या साहाय्याने त्यांना समुद्रात पिटाळले, अशी ती कथा. अटलांटिकवरून येणारे धुके ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही कथा कशी सुचली असेल हे सांगावे लागत नाही.

यात्रेची पंधरा स्थानके दरीभर पसरलेली असून एकूण वाट सुमारे साडेपाच किलोमीटरची आहे. अनेक स्थानकांवर क्रूस व भौमितिक नक्षी कोरलेले उभे दगड आहेत, ते प्रारंभीच्या मध्ययुगातील. भाविक परंपरेने अनवाणी चालतात, स्थानकाला उजवी घालून प्रदक्षिणा करतात, 'हे आमच्या स्वर्गीय बापा', 'नमो मरिया' आणि विश्वासांगीकार म्हणतात. संताच्या झऱ्यापाशी प्रत्येकजण दगड वाहतो. शतकानुशतकांच्या त्या दगडांचा प्रचंड ढीग झऱ्याभोवती झाला आहे. फॅरनमॅकब्राइडमधील कोरीव दगडाला एक छिद्र आहे. कृपावस्थेत असलेल्या भाविकाला त्यातून स्वर्गाचे दर्शन होते, अशी लोकश्रद्धा आहे.

आता या वाटेकडे नकाशा हातात घेऊन पाहू. ती टाऊनलँडमागून टाऊनलँड ओलांडत जाते, लोकांच्या शेतांतून, बांधांवरून, डोंगराच्या उतारावरून. आणि तिचे शेवटचे स्थानक चर्च ऑफ आयर्लंडच्या दफनभूमीत आहे. कारण उघड आहे : जुन्या मठाची व धर्मग्रामाच्या मंदिराची जागा तीच, आणि ती सोळाव्या शतकानंतर दुसऱ्या पंथाकडे गेली. कॅथोलिकांनी आपले मंदिर अन्यत्र बांधले, पण यात्रेची वाट बदलली नाही. प्रस्तुत लेखकाला या पॅरिशच्या साऱ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. कागदावरचा धर्मग्राम हातून गेला तरी पायाखालचा धर्मग्राम लोकांनी सोडला नाही.

सामाईक जमीन, वाटलेली जमीन

टाऊनलँडच्या आत जमीन कशी कसली जाई, हेही समजून घेतले पाहिजे. पश्चिम आयर्लंडच्या बऱ्याच भागात 'रनडेल' पद्धत होती. काही कुटुंबे, बहुधा एकमेकांच्या नात्यातली, मिळून एक टाऊनलँड खंडाने घेत. त्यांची घरे एकत्र, दाटीने बांधलेली असत. अशा वाडीला 'क्लाखन' म्हणत. घराजवळची चांगली जमीन पट्ट्यापट्ट्यांनी सर्वांत वाटलेली असे, म्हणजे प्रत्येकाला थोडी चांगली, थोडी मध्यम, थोडी वाईट मिळावी. वरचा डोंगर सर्वांचा, आणि त्यावर कोणी किती गुरे सोडायची हे ठरलेले.

व्यवस्था न्यायाची होती. पण पिढ्या वाढल्या तसे पट्टे इतके बारीक झाले की शेती करणे अशक्य होऊ लागले. ग्लेनकोलमकिलच्या उत्तरेस, डोनेगलमधीलच ग्वीडोर येथे अर्ध्या एकराच्या एका शेतात २६ वाटेकरी होते, असे तेथील जमीनदार लॉर्ड जॉर्ज हिल याने १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात नमूद केले आहे. जमीनदारांनी मग पट्टे मोडून सलग शेते पाडली आणि घरे एकमेकांपासून दूर नेली. शेतीच्या हिशेबाने यात तथ्य होते. पण शेजारधर्म, एकमेकांच्या कामाला धावून जाणे, संध्याकाळी एका घरात जमून कथा ऐकणे, याचे मोल कोणत्या जमीनदाराने मोजले? १८४५ नंतर बटाट्याच्या रोगाने दुष्काळ आला, मृत्यू आणि स्थलांतर यांनी आयर्लंडची लोकसंख्या काही वर्षांत सुमारे ८२ लाखांवरून ६५ लाखांवर आणली, आणि त्यानंतर शंभर वर्षे तरुण बाहेर जातच राहिले.

१९५१ साली या दरीत धर्मगुरू जेम्स मॅकडायर यांची नेमणूक झाली. ते १९१० साली डोनेगलमध्येच जन्मले व १९३७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली होती. त्यांना दिसले ते असे : वीज नाही, नळाचे पाणी नाही, धड रस्ते नाहीत, कारखाना नाही, आणि शाळेतून बाहेर पडलेला मुलगा थेट बोटीवर. त्यांनी प्रथम लोकांच्या श्रमदानातून सभागृह उभारले, ते १९५३ मध्ये. पुढे विणकाम, भाजीपाला प्रक्रिया अशा सहकारी संस्था काढल्या. १९६७ साली त्यांनी लोकांच्या हातांनी एक लोकजीवन संग्रहालय बांधून घेतले, ज्यात वेगवेगळ्या शतकांतील गवताच्या छपरांची घरे आहेत. त्याचे नाव ठेवले 'क्लाखन', म्हणजे जमीनदारांनी मोडलेली तीच वाडी.

शेतकऱ्यांनी आपल्या लहान लहान जमिनी एकत्र करून सामाईकपणे कसाव्यात, असाही त्यांचा प्रस्ताव होता. तो प्रत्यक्षात आला नाही. काहींनी त्यांना साम्यवादी ठरविले. पण ज्या दरीत डोंगर अजून दोन टाऊनलँड्सच्या नावाने नोंदलेला आहे, तेथे ही कल्पना परकी म्हणता येणार नाही. त्यांच्या सगळ्याच सहकारी संस्था टिकल्या नाहीत, हे खरे. १९८७ साली त्यांचे निधन झाले. संग्रहालय आजही चालू आहे, आणि १९८४ साली येथे स्थापन झालेल्या 'इडस गेल' या संस्थेत देशोदेशीचे लोक आयरिश भाषा शिकण्यासाठी येतात.

नावांचे आजचे स्थान

ग्रामीण आयर्लंडमध्ये दीर्घकाळ पत्ता म्हणजे माणसाचे नाव आणि टाऊनलँडचे नाव, एवढेच असे. एका टाऊनलँडमध्ये एकाच आडनावाची चार घरे असली की कोणते पत्र कोणाचे, हे पोस्टमनलाच ठाऊक. उत्तर आयर्लंडमध्ये १९७० च्या दशकात रस्त्यांना नावे आणि घरांना क्रमांक देण्यात आले, आणि टाऊनलँडची नावे पत्त्यातून हळूहळू बाद होऊ लागली. फर्मानाह परगण्यातील लोकांनी याला मोठा विरोध केला. आयरिश प्रजासत्ताकात मात्र २०१५ साली पिनकोडसारखी पद्धत आली तेव्हा प्रत्येक घराला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक देण्यात आला आणि पत्त्यातील टाऊनलँडला हात लावला गेला नाही. जमिनीच्या नोंदणीतही टाऊनलँडचे नाव कायम आहे.

ग्लेनकोलमकिल हा आयरिश भाषिक प्रदेश असल्यामुळे तेथे आणखी एक बदल झाला. २००४ च्या शासकीय आदेशाने, जो मार्च २००५ पासून लागू झाला, अशा प्रदेशांत स्थलनामांचे आयरिश रूप हेच अधिकृत ठरले. १८३५ च्या सुमारास इंग्रजी वळण दिलेली नावे १७० वर्षांनी, कायद्यापुरती तरी, आपल्या भाषेत परतली.

या नावांवर फार काही अवलंबून आहे. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सार्वजनिक दप्तरखाना जळाला. १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनांची बहुतेक कागदपत्रे आणि चर्च ऑफ आयर्लंडच्या असंख्य नोंदवह्या त्यात नष्ट झाल्या. त्यानंतरच्या चार जनगणनांची कागदपत्रे सरकारनेच आधी नष्ट केली होती. संपूर्ण देशाची म्हणून उरलेली सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची. त्यामागे जाऊ इच्छिणाऱ्याला दशमांशाची पुस्तके आणि १८४७ ते १८६४ मधील ग्रिफिथ यांची मालमत्ता आकारणी यांवरच विसंबावे लागते, आणि ही दोन्ही दप्तरे नागरी पॅरिश व टाऊनलँड यांच्या क्रमाने लावलेली आहेत. कॅथोलिक धर्मग्रामांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या त्या आगीतून वाचल्या, कारण त्या मुळात डब्लिनला गेल्याच नव्हत्या. त्या धर्मगुरूंच्या घरी होत्या. त्या वह्यांतही बालकाच्या नावापुढे पुष्कळदा टाऊनलँड लिहिलेले असते. अमेरिकेतून किंवा ऑस्ट्रेलियातून आलेल्या एखाद्या वंशजाला केवळ 'डोनेगलचा गॅलाघर' एवढेच ठाऊक असेल, तर हजारो गॅलाघरांतून आपला कोणता हे त्याला कळणे कठीण. पण आजीच्या तोंडून 'मीनानेरी' हा एक शब्द जरी त्याच्यापर्यंत पोहोचला असेल, तर पॅरिश, धर्मग्राम, वही आणि बहुधा घराच्या भिंतीही सापडतात.